आधी रस, मग मसाला: घरच्या सफरचंद सायडरच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

या हिवाळ्यात घरी गरम, मसालेदार सफरचंद सायडर करायचं ठरवलं आहे. पाकिटातल्या रसात दालचिनी टाकून उकळलेलं नको. फळ आणायचं, वाटायचं, पिळायचं, आणि त्या रसात काय आहे, काय कमी आहे ते समजून घेऊन मगच मसाल्याकडे वळायचं.

अमेरिकेच्या ईशान्येकडे, न्यू इंग्लंड आणि न्यूयॉर्क राज्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ उतरलं की बागांमधून रस पिळला जातो. तो निथळ गाळत नाहीत, आंबवतही नाहीत. हा गढूळ, तांबूस रस म्हणजेच तिथलं सायडर; ते तसंच पितात आणि थंडी पडली की त्यात मसाला घालून गरम करतात. इंग्लंडमध्ये हेरफर्डशायर, सॉमरसेट या भागांत तोच रस आंबवून मद्य करतात, त्यालाही सायडरच म्हणतात. मला पहिला प्रकार करायचा आहे. घरात आई आहे, भाचेमंडळी येऊन-जाऊन असतात, सगळ्यांच्या पेल्यात एकच पेय पडावं. शिवाय परवान्याशिवाय मद्य तयार करायला महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे, त्यामुळे आंबवण्याचा प्रश्न इथेच मिटला.

बाहेर ऑक्टोबरचा उकाडा आहे आणि तयारी गरम पेयाची. त्याला कारण आहे. हिमाचलचं सफरचंद जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत उतरतं, किन्नौरचं सगळ्यात शेवटी. काश्मीरचा मुख्य माल सप्टेंबर-ऑक्टोबरातला. जानेवारीत आपल्याला मिळतं ते शीतगृहातलं. झाडावरून उतरलेलं फळही श्वास घेत असतं, आणि त्या श्वासात त्याचं मॅलिक आम्ल हळूहळू खर्च होतं. गोडी राहते, आंबटपणा जातो. म्हणून रस आत्ता काढायचा आणि थंडीसाठी राखून ठेवायचा.

साहित्य घरातलंच: मिक्सर, मलमलचं कापड, स्टीलचं मोठं पातेलं, स्वयंपाकाचा थर्मामीटर. रसातली साखर मोजायचं हातातलं रिफ्रॅक्टोमीटर तेवढं मागवलं. पितळेची आणि ॲल्युमिनियमची भांडी या कामाला घेणार नाही, आंबट रस त्यांना चालत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

नागपूरच्या कळमना घाऊक बाजारात गेलं तर पेटीच घ्यावी लागते. पहिल्या घाण्यासाठी एवढं नको, म्हणून गोकुळपेठेच्या बाजारात गेले. नवरात्र सुरू आहे, उपासाच्या फळांचे भाव चढलेले. गाडीवर लालभडक डेलिशसच्या राशी, दोन ठिकाणचा माल.

"ताई, हे किन्नौरचं, हे काश्मीरचं. दोन्ही एकदम गोड."

"आंबट आहे का एखादं?"

"आंबट सेब कोन घेते जी? ते हिरवं बाहेरच्या देशातलं आहे, पन लय महाग पडन तुम्हाले."

मग त्याने मागच्या टोपलीतलं गोल्डन डेलिशस दाखवलं. पिवळं, थोडे डाग पडलेलं. लाल दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक हात लावत नाही, असं त्याचं म्हणणं. मी तेच आधी उचललं. दोन किलो लाल, एक किलो गोल्डन.

आपल्याकडे आंबट सफरचंद का नाही याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. इंग्रजांनी कुलूच्या खोऱ्यात त्यांच्याकडचे आंबटसर वाण लावले होते. पुढे सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थांनी १९१६ च्या सुमारास सिमल्याजवळच्या कोटगढला रेड डेलिशसची रोपं आणली. तेच स्टोक्स पुढे सत्यानंद झाले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. ते गोड फळ लोकांना आवडलं आणि सगळा डोंगर त्या वाणाखाली गेला. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही, त्याच्या घरात त्यातून पैसा आला. मला मात्र आंबटाची सोय दुसरीकडे पाहावी लागणार.

फळांवर मेणाचा पातळ थर आहे, नखाने खरवडला की निघतो. कोमट पाण्यात घासून धुतली, पुसली, टोपलीत पसरून ठेवली. सायडरवाले फळ उतरल्यावर काही दिवस तसंच राहू देतात, उरलेल्या पिठूळ भागाची साखर होते आणि गर सैल पडतो. अंगठा दाबल्यावर किंचित खळगा पडला की फळ पिळायला तयार.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

आज काम नाही. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या लोकांनी रस्ते भरले आहेत. टोपलीतली फळं दाबून पाहिली, लाल अजून कडक, गोल्डन तयार. एका फळाच्या देठाशी मऊ तपकिरी डाग दिसला, ते बाजूला काढलं.

याबद्दल नीट लिहून ठेवते, कारण "रसातच तर जाणार आहे" म्हणून डागाळलेलं फळ वापरायची आपली सवय असते. सफरचंदावर पेनिसिलियमची निळसर बुरशी आली की तिच्यातून पॅटुलिन नावाचं विष तयार होतं, आणि ते आपल्या घरच्या उकळण्याने जात नाही. विकायच्या रसात एका किलोला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅटुलिन चालत नाही, असा नियम आहे. घरी मोजायची सोय नाही, तेव्हा निवडणं हाच उपाय. मार लागून नुसतं काळवंडलेलं असेल तर तेवढा भाग काढून टाकावा. सडलेलं फळ पूर्ण टाकावं.

१३ ऑक्टोबर, रविवार

पहिला घाणा. चार फोडी करून बियांचा मधला भाग काढला. मोठ्या यंत्रांत बिया बहुतेक अख्ख्या राहतात, मिक्सरची पाती मात्र त्यांचा चुरा करतात. बियांत अमिग्डालिन असतं, ते कडू आणि घातक, म्हणून हे काम टाळायचं नाही. साल ठेवली, रंग आणि बराचसा वास तिच्यातच आहे. लाल आणि गोल्डन वेगवेगळं वाटलं. पाणी थेंबभरही नाही.

वाटलेला गर परातीत पसरून अर्धा तास उघडा ठेवला. आई दोनदा म्हणाली, "काळं पडून राहिलं नं ते, लिंबू पिळ." मुद्दाम पिळलं नाही. हवा लागून गर तांबूस होतो ती क्रिया इथे हवी आहे. बाटलीतल्या निथळ, फिकट रसात आणि सायडरमध्ये जो रंगाचा आणि चवीचा फरक असतो, तो बराचसा या अर्ध्या तासात पडतो.

मग मलमलमध्ये बांधून पिळलं. चक्का टांगतो तसं टांगून भागलं नाही, जड पाटा ठेवून दाबावं लागलं. तीन किलो फळातून दीड लिटरच्या थोडा वर रस निघाला. चोथा शिऱ्यात घातला, छान लागला.

रिफ्रॅक्टोमीटरवर लाल १३, गोल्डन साडेबारा. म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर. चव: लालचा रस नुसता गोड. पहिला घोट बरा, तिसऱ्याला जीभ कंटाळते. गोल्डनमध्ये थोडी धार आहे. दालचिनीचा तुकडा टाकून कपभर लाल रस गरम करून पाहिला. दालचिनीचा वास आला, पण खाली धरून ठेवायला काही नाही, जणू भिंतीशिवाय लावलेला रंग.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शेजारी रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्याकडे ब्युरेट, म्हणजे थेंबाथेंबाने द्रव मोजून सोडायची काचेची नळी आहे, आणि ती काढायला कारण मिळालं याचा त्यांना आनंद झाला. दहा मिली रस, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं द्रव्य), वरून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. गुलाबी छटा टिकली की थांबायचं. लागलेले मिली गुणिले ०.६७ केले की एका लिटरमधलं मॅलिक आम्ल ग्रॅममध्ये मिळतं. लाल रसाला ३.६ मिली लागलं, म्हणजे लिटरला २.४ ग्रॅम. गोल्डनला ५.८ मिली, म्हणजे ३.९ ग्रॅम. रस रंगीत असल्याने शेवटची छटा ओळखायला तो दुप्पट पाण्याने पातळ करून घेतला, त्याने हिशेब बदलत नाही.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टन इथे १९०३ मध्ये सायडरसाठी संशोधन संस्था सुरू झाली. तिथल्या वर्गवारीत सायडरच्या सफरचंदांचे चार गट आहेत. आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर की खाली, आणि तुरटपणा देणारं टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर की खाली, एवढ्या दोन प्रश्नांवर गट ठरतात: गोड, आंबट, गोड-तुरट आणि आंबट-तुरट. ०.४५ टक्के म्हणजे लिटरला साडेचार ग्रॅम. आपलं लाल डेलिशस त्या रेषेच्या जवळजवळ निम्म्यावर. टॅनिन मोजायची सोय सरांकडेही नव्हती, पण जिभेला तुरटपणा जाणवतच नाही. म्हणजे आपल्या बाजारातलं फळ चारपैकी एकाच खणात बसतं, गोड.

कालच्या कपात काय नव्हतं ते आज कळलं. आंबट आणि तुरट, दोन्ही नव्हतं. मसाला या दोघांची जागा घेऊ शकत नाही. लोक रस फिका लागला की लवंग वाढवतात, दालचिनी वाढवतात, आणि शेवटी काढ्याच्या जवळ जातात. आधी रस उभा करायचा.

१६ ऑक्टोबर, बुधवार, कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. वेलची, जायफळ, केशर, चारोळी. एक गोष्ट डोक्यात बसली. मसाल्यांची सुगंधी तेलं स्निग्धात विरघळतात. दुधातली साय ती तेलं धरून ठेवते आणि जिभेवर हळूहळू सोडते, म्हणून दुधाला भरपूर जायफळ चालतं. सफरचंदाच्या रसात स्निग्ध काहीच नाही. तिथे मसाला थेट जिभेला भिडणार. दुधाच्या मसाल्याचं प्रमाण रसाला लावायचं नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

कळमन्याहून पेटी आणवली, आता घाणे मोठे. दोन भाग लाल, एक भाग गोल्डन, मिश्रणाचं आम्ल लिटरला २.९ ग्रॅम.

आंबटासाठी आज लिंबू. लिंबाच्या रसात साधारण सहा टक्के आम्ल धरलं तर लिटरभर रस साडेचारला न्यायला पाच-सहा चमचे पिळावं लागतं. तेवढं घातलं. आंबटपणा बरोबर आला, पण पेय सफरचंदाचं राहिलं नाही, गरम लिंबू सरबत झालं. लिंबाला स्वतःचा वास फार. दोन चमच्यांपर्यंत तो मागे राहतो, पुढे नाही. सायट्रिक आम्लाची पूड घालून पाहिली: वास नाही, पण कोरडा, एकेरी आंबट. हिरवं परदेशी ग्रॅनी स्मिथ मिसळलं तर उत्तम होतं, यात शंका नाही, पण त्या भावात घरभर माणसांना पाजणं होत नाही.

सफरचंदाच्या फोडी पाण्यात मसाल्यासकट शिजवून, घोटून गाळायची दुसरी एक घरगुती पद्धत आहे. जाऊबाईंनी त्यांच्याकडे कुकरमध्ये तशी करून पाठवली. दाट, पेक्टिनमुळे थोडी बुळबुळीत, वास शिजलेल्या मुरंब्याचा. लहान मुलांना ती जास्त आवडली. मला कच्च्या फळाचा वास हवा आहे, तेव्हा पिळलेलाच रस.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बाजारात आवळे आले. हातात घेतल्यावरच वाटलं की आपल्याला पाहिजे ते हेच. आंबट तर आहेच, शिवाय तुरट. सफरचंदात ज्या दोन गोष्टी नाहीत त्या दोन्ही एका फळात.

पाव किलो किसून पिळले, फिकट हिरवा रस. सरांकडे मोजला, लिटरला सुमारे २० ग्रॅम आम्ल. लिंबाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणजे सावकाश घालता येतं, हात चुकायची भीती नाही. शंभर-शंभर मिलीच्या पेल्यांत वाढत्या प्रमाणात घालून पाहिला. तीन टक्क्यांना फरक कळतो पण नाव सांगता येत नाही. सहा टक्क्यांना रस एकदम भरतो, गोडी मागे सरते आणि घोट गिळल्यावर तोंडात कोरडी, स्वच्छ चव राहते. दहा टक्क्यांना आवळा ओळखू येतो. आईने डोळे मिटून तिन्ही प्यायले आणि मधला पेला पुढे सरकवला.

रंगाचं एक सांगायला हवं. आवळ्यात क जीवनसत्त्व भरपूर, आणि तेच जीवनसत्त्व फळ तांबूस पडणं थांबवतं. आवळा वाटतानाच घातला तर रस फिका राहतो. म्हणून क्रम असा: आधी गर वाटायचा, अर्धा तास उघडा ठेवून तांबूस होऊ द्यायचा, पिळायचा, आणि मग आवळ्याचा रस. तरी रंग थोडा उजळतो, पण फिका पडत नाही.

ठरलेलं मिश्रण: ९३० मिली सफरचंदाचा रस, ६० मिली आवळ्याचा, दोन छोटे चमचे लिंबाचा. आम्ल लिटरला साडेचारच्या आसपास.

२७ ऑक्टोबर, रविवार

मसाल्याचा दिवस. सकाळी इतवारीत. दिवाळीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, पण माल ताजा. दुकानदाराने विचारलं, "कोणती कलमी देऊ, जाड का बारीक?" कलमी म्हणजे दालचिनी. जाड म्हणजे कॅशिया, एकाच टणक सालीची गुंडाळी, वास तिखट-गोड. बारीक म्हणजे श्रीलंकेकडची, कागदासारख्या पापुद्र्यांची, बोटाने चुरते. दोन्ही घेतल्या. लवंगा घरी येऊन पाण्यात टाकून पाहिल्या: तेल काढून घेतलेली लवंग वर तरंगते, चांगली तळाला जाते. बहुतेक सगळ्या खाली गेल्या.

प्रत्येक मसाला वेगळ्या पेल्यात, ८० अंशांच्या रसात झाकून पंधरा-वीस मिनिटं. उकळी नाही. उकळलं की सफरचंदाचा वास वाफेबरोबर निघून जातो आणि उरतो शिजल्याचा वास.

जाड दालचिनी रसाला धरून राहते, आवळ्याच्या तुरटपणाशी तिचं चांगलं जमतं. बारीक दालचिनी नाजूक, आवळ्याखाली दबून गेली. चवीसाठी जाडच घेईन. मात्र कॅशियात कूमरिन जास्त असतं आणि ते रोज जास्त पोटात जाणं यकृताला बरं नाही. थंडीत अधूनमधून पेला घेणाऱ्याला चिंता नाही, रोज पिणार असेल त्याने बारीक घ्यावी. पूड कोणतीच नको, तळाशी चिकट गाळ बसतो.

लवंग फार जपून. लिटरला चार. सहाला जीभ बधिर होऊ लागते आणि सफरचंद मेलं म्हणून समजावं. बाद्यानाची, म्हणजे चक्रफुलाची, एक पाकळी पुरते, अख्खं फूल टाकलं तर बडीशेपेचा वास सगळ्यावर बसतो. मिरे पाच-सहा अख्खे, त्यांची ऊब घोट गेल्यावर मागून येते. मला हे फार आवडलं, परदेशी कृतींमध्ये ते क्वचितच असतात.

आलं की सुंठ? आलं वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचं शोगॉल होतं, ते जास्त जहाल. सुंठेचा पेला औषधाकडे झुकला. आल्याच्या चार पातळ चकत्या बऱ्या. जायफळ पेल्यात ओतल्यावर वरून किसणीचा एक फेरा, पातेल्यात नाही.

वेलची नको. ती वाईट लागली नाही, पण घातल्याबरोबर पेय चहाच्या किंवा खिरीच्या घरात गेलं. सगळ्यांनी आग्रह केला तरी यावर मी ठाम आहे.

मसाला पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधायचा आणि वीस मिनिटांनी बाहेर काढायचा. राहू दिला तर लवंग मुरतच राहते आणि दुसऱ्या दिवशी फक्त लवंगच लागते.

३ नोव्हेंबर, रविवार, भाऊबीज

जेवणं झाल्यावर सगळ्यांना दिलं. थंडी अजून नाही, तरी पातेलं रिकामं झालं. फराळाबरोबर, विशेषतः चिवडा आणि शेवेबरोबर, फार छान जातं. लाडवाबरोबर नाही, गोडावर गोड होतं. मोठ्या भावाने साखर मागितली नाही, ही माझ्यासाठी मोठी पावती.

१० नोव्हेंबर, रविवार

आज आवळी नवमी. काटोलकडे नातेवाइकांच्या शेतावर आवळीभोजन, झाडाखालीच पंगत. कार्तिकात आवळ्याखाली जेवायची रीत आहे, तेव्हा नेमकं आवळा घातलेलं पेय तिथे न्यायचं मनात होतं. थर्मासमधून नेलं. शेतावरच्या आजींनी पहिला घोट घेतल्यावर विचारलं, "सेब तं समजलं, पन हे तोंड धुतल्यावानी काय लागून राहिलं?" वर बोट दाखवलं. त्यांनी पेला परत पुढे केला.

येताना संत्री आणली. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याचा, माल ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत तोडला जातो, सफरचंदाच्या हंगामाशी हा मेळ फार सोयीचा. या संत्र्यांची साल सैल आणि आतला पांढरा थर पातळ, म्हणजे सालीतला कडूपणा कमी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

संत्र्याचे दोन प्रयोग.

एक, चार भाग सफरचंद आणि एक भाग संत्र्याचा रस गरम करून. पहिल्या तासात सुरेख. बाटलीत ठेवून दुसऱ्या दिवशी प्यायलं तर कडू. ही लिमोनिनची करणी. संत्र्यात कडू नसलेलं एक द्रव्य असतं, रस निघाल्यावर आम्लाच्या संगतीत त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि आचेने ते लवकर होतं. नागपुरी संत्र्याच्या रसाला हा त्रास ठळक आहे, म्हणून त्यावर प्रक्रिया करणाऱ्यांना तो सतत सोडवावा लागतो. तेव्हा संत्र्याचा रस पातेल्यात जाणार नाही. कुणाला हवाच असेल तर पेल्यात, पिताना.

दोन, फक्त साल. नीट धुऊन, दोन बोटं रुंद पट्टी, मसाल्याबरोबर शेवटची पाच मिनिटं. याने पेय नागपूरचं झालं. सालीतलं तेल वर तरंगतं, पेला तोंडाशी नेताना आधी संत्र्याचा वास येतो आणि मग सफरचंद. हे कायम.

२४ नोव्हेंबर, रविवार

आता रात्री गारठा जाणवतो. सफरचंदाची शेवटची मोठी पेटी आज संपवली, साठवणीसाठी.

ताजा पिळलेला रस न तापवता ठेवायचा नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूची लागण पसरली होती, बरीच मुलं आजारी पडली आणि एक बाळ दगावलं. रस आंबट आहे म्हणून सुरक्षित, हा समज तेव्हा मोडला. ७१ अंशांना ६ सेकंद हे तिथल्या कारखान्यांचं परिमाण. घरच्या पातेल्यात उष्णता सगळीकडे सारखी नसते, म्हणून मी ढवळत ८० पर्यंत नेते आणि दोन मिनिटं तिथेच धरते. वरचा फेस काढून टाकते.

उकळत्या पाण्यातून काढलेल्या काचेच्या बाटल्यांत गरमच ओतलं, झाकण लावलं, निवल्यावर फ्रीजमध्ये. हे आठवडाभरात संपवायचं. बाटली उघडताना फस्स आवाज आला, वास आंबूस आला किंवा झाकण फुगलं तर ती ओतून द्यायची, चाखून पाहायची नाही. पुढच्या महिन्यांसाठीचा रस प्लास्टिकच्या डब्यांत फ्रीजरला. गोठताना रस फुगतो, म्हणून डब्याचा वरचा दहावा हिस्सा रिकामा ठेवला. काचेची बाटली फ्रीजरमध्ये नको.

तळाशी गाळ बसतो तो तसाच राहू द्यावा. रात्रभर निवळू दिलं तर वरचा रस दिसायला देखणा होतो, पण पितळी चमक आली की अंगातला दाटपणा जातो.

१ डिसेंबर, रविवार

सरांना, जाऊबाईंना आणि काटोलला कृती लिहून पाठवली. इथे तीच.

लिटरभरासाठी: लाल डेलिशस दोन भाग आणि गोल्डन एक भाग मिळून पावणेदोन किलो फळ. बिया काढून वाटणं, अर्धा तास उघडं, पिळणं. त्यात आवळ्याचा रस चार मोठे चमचे आणि लिंबाचा दोन छोटे चमचे. बोटभर जाड दालचिनी, चार लवंगा, पाच मिरे, बाद्यानाची एक पाकळी, आल्याच्या चार चकत्या पुरचुंडीत. झाकून ८० अंशांवर वीस मिनिटं, शेवटच्या पाच मिनिटांत संत्र्याच्या सालीची पट्टी. थर्मामीटर नसेल तर कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले की आच कमी करायची, मधे उकळी फुटू द्यायची नाही. पुरचुंडी आणि साल काढून ओतायचं, वर जायफळ. साखर, गूळ, मध काही नाही.

आवळा सफरचंदासारखा दुसरीकडून यायचा नाही, इथे तो डिसेंबरभर मिळेल. त्याचा रस बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवला आहे, एक खडा साधारण एक चमचा. फेब्रुवारीत शीतगृहातलं सफरचंद आणखी गोड आणि मऊ येईल, तेव्हा लिटरला एखादा खडा जास्त लागेल. सरांनी ब्युरेट परत आत ठेवलेली नाही.

फ्रीजरमधल्या डब्यांवर तारीख आणि आम्लाचा आकडा लिहिला. मसाला त्यांत घातलेला नाही. तो प्यायच्या दिवशी.